कुर्कीला आलेले जवाई

सरकारी माणसाचे पाय लोक धरतात. मी धुतले आहेत. अक्षरशः धुतले, पितळेच्या परातीत, कोमट पाण्याने, आणि नंतर कोऱ्या पंच्याने पुसलेसुद्धा. तो साहेब आमच्या घरी कुर्कीला आला होता. कुर्की म्हणजे जप्ती. आमच्याकडे कचेरीतले सगळे शब्द हिंदीतूनच येतात आणि येताना सहसा वाईट बातमी घेऊन येतात. (गावाचं नाव लिहीत नाही. बालाघाट जिल्ह्यात आहे, एवढं पुरे. साहेब अजून नोकरीत आहे आणि त्याचं लग्न व्हायचंय.)

मी बालाघाटला एका सरकारी कचेरीत बडे बाबू होतो. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, मी अर्जांना लागलो. आमच्या गावची ग्रामपंचायत जाऊन नवी नगर परिषद झाली, तेव्हा गावात सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. अर्ज करायला घराजवळच कचेरी मिळाली ना! नाली तुंबली, अर्ज. खांबावरचा दिवा दिवसा जळतोय, अर्ज. तो दिवा रात्रीही जळेनासा झाला, स्मरणपत्र. आमची ही म्हणते की देवाने मला दोन हात दिले ते एकाने लिहायला आणि दुसऱ्याने कागद धरायला, घरकामाला काही दिलंच नाही.

मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं तसं हिने नव्या बाथरूमचा हट्ट धरला. वऱ्हाडाने आंघोळी कुठे करायच्या, असा तिचा प्रश्न होता आणि माझ्याकडे त्याचं लेखी उत्तर नव्हतं. रेती-गिट्टी आणून दारासमोर टाकली. दोन दिवसांनी नगर परिषदेचा माणूस आला आणि रस्त्यावर ढीग घातल्याबद्दल अडीचशे रुपये जुर्माना ठोकून गेला.

मी फीत घेऊन ढीग मोजला. ढीग माझ्या जागेत होता. त्याचा फक्त उतार रस्त्यावर गेला होता. आता ढिगाला उतार असणारच, तो काही मी केलेला नाही, तो निसर्गाचा नियम आहे, असं सविस्तर मांडून मी नगर परिषदेत आपत्ती दाखल केली. आपत्ती म्हणजे हरकत. सोबत नकाशाही जोडला.

"अडीचशे रुपयाची गोष्ट हाये," ही म्हणाली. "भरून टाका ना."

प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे, असं मी तिला सांगितलं. (हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं, त्याचे पैसे शेवटी हमखास जास्त जातात, असा माझा आता अनुभव आहे.) बाथरूम झालं, ढीग संपला, जुर्माना तेवढा राहिला. नोटिसा आल्या. माझी आपत्ती प्रलंबित आहे, असं मी प्रत्येक नोटिशीला उत्तर पाठवलं. मग लग्नाची गडबड सुरू झाली आणि मी सगळंच विसरलो.

मुलगा वारासिवनीचा. मुलीला द्यायचं सामान, म्हणजे आंदण, हल्ली आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशीच मुलाकडे पोचवतात. नवरी घरात शिरेपर्यंत पलंग-बिलंग लागलेला बरा. त्यांनी काही मागितलं नव्हतं, पण पोरीला रिकाम्या हाताने पाठवणार कोण? व्याह्यांचा (आमच्याकडे त्यांना इवाई म्हणतात) फोन आला. "उद्या आमचे मोठे जवाई येतील गाडी घेऊन. सामान तेच नेतील. जरा तापट हायेत, तेवढं सांभाळून घ्या."

या मोठ्या जवायांची कीर्ती आमच्यापर्यंत आधीच पोचली होती. कुठल्याशा लग्नात त्यांना जेवायला एकदाच बोलावलं गेलं म्हणून ते उपाशीच गाडीत जाऊन बसले होते आणि अख्खं वऱ्हाड त्यांच्या मागे गाडीत जाऊन बसलं होतं. आमच्या घरात त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. नोकरी जबलपूरकडे, म्हणून हिंदीच जास्त बोलतात, एवढंच ऐकून होतो. मी घरातल्या सगळ्यांना उभं करून ताकीद दिली की जवाई काही टोचून बोलले तर मनावर घ्यायचं नाही, आणि कशालाही नाही म्हणाले तर हो समजायचं.

शुक्रवार उजाडला. लग्न शनिवारी संध्याकाळी. मांडवाखाली आंदण मांडून ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाईकांना पाहता यावं म्हणून. पोलादी आलमारी, पलंग, कूलर, शिलाई मशीन, पितळेचे गुंड म्हणजे पाण्याचे हंडे. आमच्या घरात ज्याचं कुलूप खरोखर लागतं असं ते एकच कपाट, म्हणून हिने पल्लवीची लग्नाची साडी आणि दागिन्यांचा डबा सकाळी त्यातच ठेवला होता. साडी तिच्या मामाने आणलेली, पिवळीधमक. गाडी येण्याआधी दोन्ही काढून घेऊ, असं ठरलं होतं. चावी हिच्या कमरेला होती.

आणि दारात पिकअप थांबला. पुढे झेंडूची माळ, काचेवर 'शुभ विवाह'चा कागद. (नगर परिषदेचा ट्रॅक्टर कचऱ्यात गुंतला होता म्हणून त्यांनी भाड्याची गाडी घेतली होती आणि ती गाडी आदल्या दिवशी कोणाच्या तरी वरातीला जाऊन आली होती, हे मला नंतर समजलं.) गाडीतून एक तरुण माणूस उतरला. पांढरा शर्ट, काळा चष्मा, चेहरा ताणलेला. मागून तीन मजूर उतरले. शिव्या खायच्या तयारीने तो आला होता, असं त्याने मला पुढे सांगितलं. मी जवायाचं रुसणं सोसायच्या तयारीने उभा होतो. थोडक्यात, दोन्ही बाजूंची तयारी चोख होती.

"सामान लेने आए हैं," तो गाडीजवळूनच म्हणाला.

"हौ हौ, या ना," मी धावलो. "तुमचीच वाट पाहून राह्यलतो सकाळपासून."

साहेब एक पाऊल मागे सरकला. मी त्याचा हात धरून त्याला मांडवात आणला आणि खुर्चीवर बसवला. आमच्याकडे जावयाचे पाय धुतात. ही परात आणि लोटा घेऊन आली, मी खाली बसलो आणि साहेबाचा बूट काढायला लागलो. त्याने पाय आखडून घेतला. मी ओढला. ये क्या कर रहे हैं, बाबूजी, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि मला वाटत होतं, काय विनय आहे, लोक उगाच बदनाम करतात. अखेर एक बूट माझ्या हातात आला आणि तेव्हा त्याने सगळा आवाज एकवटून सुनावलं, "देखिए, इन सबसे कुछ नहीं होगा. सामान तो जाएगा."

"जाईलच ना बापा," मी दुसरा बूट काढत म्हणालो. "जाण्यासाठीच तं मांडून ठेवलं."

पाय धुवून होईपर्यंत तो नुसता माझ्या टकलाकडे बघत राहिला.

मग जेवण. तो नाही म्हणाला, मी आग्रह केला. पुन्हा नाही म्हणाला, हिने आग्रह केला. तिसऱ्यांदा नाही म्हणाला तेव्हा माझा साळा धनराज, म्हणजे पल्लवीचा तोच साडीवाला मामा, त्याने साहेबाला खांद्याला धरून पाटावर दाबलं. तिन्ही मजूर आग्रहाची वाट न पाहता आधीच बसले होते. चिन्नोर तांदळाचा भात, कढी, वडे, बुंदी. साहेब मान खाली घालून जेवला. मध्येच त्याने विचारलं की तुम्हाला काही तक्रार नाही ना? मी म्हटलं, तक्रार कसली, आमचं भाग्य की तुम्ही आमच्या दारी आले.

हात धुतल्यावर तो कूलरजवळ गेला, त्याच्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बस, ये एक कूलर काफी है."

सोयरे आंदण परत सारतात तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे आमच्या भागात लहान पोरालाही कळतं. मी हात जोडून विचारलं, काही चुकलं का आमचं? तो म्हणाला, चुकलं काहीच नाही, पण नियमाने जेवढं बनतं तेवढंच घ्यायचं. नियम! हा शब्द ऐकून माझे डोळे भरून आले. जन्मभर मी असा माणूस शोधत होतो आणि तो मला सोयऱ्यात सापडला.

"तुमचा नियम मोठा हाये," मी म्हणालो, "पण माया पोरीच्या इज्जतीचा सवाल हाये. सगळं न्या."

"सब?"

"सब. एक गुंड नाई राह्यला पाह्यजे मागं."

त्याने मजुरांकडे पाहिलं. मजुरांनी जेवणाने जड झालेल्या पोटांकडे पाहिलं. पण धनराजने तोवर आलमारीला खांदा लावला होता. माझे भाऊबंद सरसावले, पलंग चढला, शिलाई मशीन चढलं, गुंड चढले, आणि कोणीतरी उत्साहाच्या भरात पाय धुतलेली परातही चढवून दिली. जप्तीचं सामान मालकाच्या घरच्यांनी स्वतः, तेही 'सांभाळून, सांभाळून' असं ओरडत गाडीत रचून दिल्याचं दुसरं उदाहरण या राज्यात नसावं.

साहेबाने पिशवीतून कागद काढला, त्यावर सामान लिहिलं आणि वाचून सही करायला सांगितलं. आता जावयासमोर आंदणाची यादी वाचून पाहायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. नोकरीत मी वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा वाचल्याशिवाय सही केली नाही. इथे केली, आणि हसत केली. दोन पंच पाहिजेत म्हणाला. धनराज आणि शेजारी, दोघेही पेन खिशातून काढूनच उभे होते.

शेवटी मी मानाचं पाकीट पुढे केलं. साहेब ठिणगी पडल्यासारखा उडाला. "ये क्या है? रिश्वत?"

मला वाटलं, रक्कम कमी वाटली म्हणून टोमणा मारला. मी आणखी एक नोट घातली. तो लाल झाला. खांबाआडून ही डोळ्यांनी खुणावत होती, वाढवा, वाढवा. मी वाढवलं. "मैं ऐसा आदमी नहीं हूँ," तो जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला. तसे नाही म्हणूनच तर देतोय, असं मी त्याला समजावत राहिलो. अखेर त्याने फक्त नारळ घेतला. हिने टिळा लावला. बाया रडल्या; उद्याचं रडणं होतंच, त्याचा थोडा सराव झाला. जाताना साहेबाने मला वाकून नमस्कार केला आणि माळ हलवत पिकअप गेला.

मी खुर्चीवर बसून धनराजला म्हटलं की लोक काहीही बोलतात, हिऱ्यासारखा माणूस आहे.

थोड्या वेळाने एक मिनी ट्रक आला. त्यातून एक जाडजूड, मिशीवाले गृहस्थ उतरले आणि मांडवाच्या तोंडाशी येऊन काही न बोलता उभे राहिले. मला वाटलं, टेंटवाला आला. मी बसल्या जागेवरून त्यांना सांगितलं की उशीर केला, आता खुर्च्या मागच्या बाजूला लावा. ते हलले नाहीत. ऐकू येत नाही का, असंही मी विचारल्याचं मला नंतर सांगण्यात आलं.

"मी वारासिवनीवरून आलो," ते सावकाश म्हणाले. "मोठा जवाई हाओ मी. सामान न्याले आलो."

मी त्यांना ठणकावून सांगितलं की मोठे जवाई येऊन, पाय धुऊन, जेवून, सामान घेऊन गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या मांडवाकडे पाहिलं, मग खिशातून फोन काढून सरळ इवायांना लावला आणि माझ्या हातात दिला. इवायांनी मला जवायांच्या मिशीचं वर्णन ऐकवलं. मिशी समोरच होती.



"मंग ज्याईचे पाय धुतले," हिने विचारलं, "ते कोण होते?"

चोर. दुसरं काय असणार? भर दुपारी, आमच्याच हातून, आमचंच सामान, वर टिळा लावून घेऊन! धनराज ठाण्यात जायला निघाला. तेवढ्यात मागच्या बाजूने घोरणं ऐकू आलं. तांदळाच्या पोत्यांवर एक माणूस आडवा झाला होता; पिकअपमधून आलेल्या तीन मजुरांतला एक. चिन्नोरच्या भाताने त्याचा घात केला होता. चौघांनी त्याला उभा केला आणि कोण आहेस म्हणून विचारलं.

"नगर परिषदेचा," तो डोळे चोळत म्हणाला. "साहेबासोबत कुर्कीत आलतो. गाडी गेली का?"

माझ्या डोक्यात रेतीचा तो ढीग उतारासकट उभा राहिला.

चोर नव्हते, म्हणून आधी हायसं वाटलं. मग हिचा हात कमरेच्या चावीवर गेला. साडी आणि दागिन्यांचा डबा आलमारीतच होते. पाय धुण्याच्या घाईत काढायचे राहून गेले होते. आज शुक्रवार, कचेरी बंद व्हायची वेळ जवळ आलेली. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी कुलूप उघडणार, आणि पोरगी उद्या संध्याकाळी बोहल्यावर उभी राहणार. अंगावर काय घालून? विनोदी लिहितोय म्हणून सांगतो असं नाही, पण त्या क्षणी मला खरोखर बसल्या जागी रडू यायला लागलं. पोरीच्या लग्नात बापाने एवढं एकच काम स्वतः केलं होतं आणि ते हे असं केलं होतं.

त्यात खरे जवाई अजून बुटांनिशी उभेच होते. कोणीतरी हिच्या कानात सांगितलं, यांचे पाय राहिले. परात तर जप्त झाली होती. घाबरून ही आतून पोरांच्या आंघोळीचा प्लास्टिकचा टब घेऊन आली, निळा, बदकाचं चित्र असलेला. जवायांनी बदकाकडे पाहिलं. या माणसाला जन्मभर रुसून बसायचा पूर्ण अधिकार होता.

"राहू द्या ते," ते म्हणाले. "चला, बसा गाडीत. आधी सामान पाहू, रुसाचं मंग पाहू."

त्या घटकेपासून या जवायांविरुद्ध मी कोणाला एक शब्द बोलू देत नाही. मी, जवाई आणि तो झोपाळू मजूर असे आम्ही मिनी ट्रकमधून नगर परिषदेत पोचलो. ही चावी घेऊन धनराजच्या मोटरसायकलवर मागून निघाली.

कचेरीत साहेब टेबलावर बसून सहकाऱ्यांना काहीतरी रंगवून सांगत होता. मला पाहताच उडी मारून उतरला. "यही हैं वो!" सगळी कचेरी माझ्यासाठी उभी राहिली. मला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. एवढा मान मला माझ्या स्वतःच्या कचेरीत कधी मिळाला नव्हता. अशा माणसाला खरी गोष्ट सांगायची म्हणजे जिवावर आलं, पण सांगितली. साहेबाचा चेहरा उतरत गेला.

"मैंने सोचा इस इलाके का रिवाज होगा," तो हळूच म्हणाला. तो रीवाकडचा, आमच्या भागात नवा. "जहाँ भी कुर्की को गया, गाली खाई. पहली बार किसी ने पैर धोए थे."

मला त्याची खरंच दया आली. मी म्हटलं, धुतलेले पाय काही परत घेत नाही, पण सामान द्या.

त्याने गोदाम उघडलं. जप्त केलेले हातठेले, फाटके फलक, एक चहाची टपरी, आणि त्यांच्या मधोमध माझ्या पल्लवीची नवी आलमारी. काच लागलेली, स्वस्तिक काढलेली. मला तिच्याकडे बघवेना. निदान उघडून साडी तरी काढू द्या म्हटलं, तर जप्त वस्तू सोडवल्याशिवाय उघडता येत नाही, असं साहेब म्हणाला. बरोबर होतं. विचारण्याआधीच मला ते ठाऊक होतं, हे त्यातलं जास्त वाईट.

मग जुर्माना भरायला खिडकीवर. खिडकीवरच्या बाबूने माझी फाइल काढली, चाळली आणि मान हलवली. माझी आपत्ती प्रलंबित होती. तिचा निकाल लागेपर्यंत जुर्माना जमा करून घेता येत नाही.

"आपत्ति लंबित है?" साहेब दचकला. "फिर तो कुर्की ही ग़लत हो गई."

माझी पाठ ताठ झाली. ऐकलंत ना? कुर्की चुकीची! नियम शंभर टक्के माझ्या बाजूने! इतके दिवस मी हेच सांगत होतो. मी खुर्ची ओढली आणि आपत्ती म्हणजे काय, ती प्रलंबित असण्याचे परिणाम काय, ढिगाच्या उताराचा कायद्यातला दर्जा काय, हे साहेबाला समजावून सांगायला सुरुवात केली. शेवटी त्याने सांगितलं की तुमचं सगळं बरोबर आहे, कुर्की रद्द होईल आणि जुर्मानाही बहुतेक माफ होईल; पण त्याला मोठ्या साहेबांची सही लागते आणि ते बालाघाटला बैठकीला गेलेत, सोमवारी भेटतील. आज सामान पाहिजे असेल तर एकच रस्ता. आपत्ती मागे घ्या, जुर्माना भरा, घेऊन जा.

मी सोमवारचा विचार केला. खरं सांगतो, क्षणभर केला. अख्ख्या आयुष्यात एवढा निर्विवाद बरोबर मी कधीच नव्हतो.

मागून जवायांचा आवाज आला. "मामाजी, तत्त्व सोमवारीबी भेटन. लग्न उद्या हाये."

मी कागद मागितला. लिहिलं की मी माझी आपत्ती स्वखुशीने मागे घेत आहे. कारण लिहा म्हणाले. लिहिलं की ढीग रस्त्यावर होता. बाबूने वाचून विचारलं, आणि उतार? लिहिलं, उतारासह. त्याने आवकचा शिक्का मारला, तो मला छातीत ऐकू आला. जुर्माना भरला, पिकअपचं भाडं भरलं, मजुरांची मजुरी भरली. झोपलेल्या मजुराचीही, झोपेसकट.

तोवर ही आणि धनराज पोचले. सगळे गोदामात गेलो. हिने चावी लावली, दार ओढलं. आत खालच्या कप्प्यात अंथरलेलं वर्तमानपत्र होतं आणि डांबराच्या गोळ्या होत्या.

साडी नव्हती. डबा नव्हता.

साहेब जवळच्या हातठेल्यावर मटकन बसला. मैंने हाथ भी नहीं लगाया, एवढंच तो म्हणत होता. ही भिंतीला टेकली. धनराज बाह्या सरसावून मजुरांकडे बघायला लागला. मी पल्लवीला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी तिच्या आत्याने उचलला आणि पल्लवीच्या कानाला लावून धरला, कारण पोरीच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी होती.

"साडी तं मी फॉल लावाले देली ना, बाबा," ती म्हणाली. "डबा आत्याजवळ हाये. मी आईची चावी मागून काढलं सगळं. आईले सांगतलं होतं."

मी फोन खाली घेतला आणि हिच्याकडे पाहिलं.

"हौ," ती म्हणाली. "सांगतलं होतं खरं. पण तवा मी साहेबाच्या पायावर पाणी टाकून राह्यलती."

साहेबाला पहिल्यांदा हसू फुटलं, मग जवायांना, मग सगळ्यांनाच. मीही हसलो. पोरीची साडी सुखरूप होती, जीव भांड्यात पडला होता. आलमारी मिनी ट्रकमध्ये चढायला लागली. आणि मग, जरा उशिरानेच, माझ्या लक्षात आलं की आजची घाई कशासाठी होती? पलंग तर सोमवारीही गेला असता! मी धावत खिडकीवर गेलो. बाबू पडदा ओढत होता. मी त्याला म्हटलं की माझा तो मघाचा अर्ज परत दे, आपत्ती कायम ठेवायची आहे, कुर्की चूक होती, नियम माझ्या बाजूने आहे.

त्याने फार प्रेमाने सांगितलं की बडे बाबू, कागद आवकमध्ये चढला, आता परत मिळत नाही.

तेही बरोबर होतं. अख्खी नोकरी मी हेच वाक्य लोकांना ऐकवलं होतं, आतल्या बाजूला बसून. खिडकीच्या बाहेरून ते इतकं वाईट ऐकू येतं, हे मला कधीच कोणी सांगितलं नाही. किंवा सांगितलंही असेल कोणीतरी, रीतसर अर्ज करून. मीच तो वाचला नसेल.